वहिनी, लिव्हर चांगलं होतं

सुतक फिटलं तरी माणसं येतच आहेत. चहाला नको म्हणतात, भिंतीला टेकून बसतात, तुझ्या फोटोकडे बघतात आणि उठायच्या आधी आवाज खाली आणून तोच प्रश्न विचारतात. काल परबकाकूंनी विचारला. आपल्या घरात काय शिजतंय ते समोरच्या खोलीतून नुसत्या वासावर ओळखणारी बाई ती. तिलाही हे विचारावंसं वाटलं.

"काय गो शकू, लिवर बदल्लला होता ना तिचा? मगे कसा काय झाला ह्या?"

मी तोंड उघडलंच होतं. तुला ठाऊक आहे, टेलिफोन ऑफिसात इतकी वर्षं लोकांचं बोलणं एकमेकांना जोडून देण्यात गेली, त्यामुळे स्वतः गप्प बसणं मला कधी जमलं नाही. पण माझ्या आधी दादा बोलला. खिडकीपाशी, तुझ्या कामाच्या चौरंगाशेजारी बसला होता. मान वर न करता म्हणाला, "माझं कमी पडलं, काकू."

वहिनी, हे खोटं आहे. तुला माहीत होतं, मला माहीत आहे, परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडमना माहीत आहे. ज्याने स्वतःच्या यकृताचा तुकडा काढून तुला दिला, त्या माझ्या भावाला तेवढं माहीत नाही. आणि हा गुंता तूच करून गेलीस. एक गोष्ट त्याला सांग म्हणालीस, दुसरी सांगू नकोस म्हणालीस, आणि दोन्ही ओवल्यास एकाच दोऱ्यात. एक ओढली की दुसरी आपोआप हातात येते. दागिने गाठवणाऱ्या बाईला एवढं कळायला नको?

तेव्हा आज बसलेच आहे लिहायला. तू असताना आपलं भांडण अर्धं राहिलं, ते मी पुरं करणार आहे. तुला मध्ये बोलता येणार नाही, हा माझा फायदा.

तू ह्या घरात आलीस तेव्हा मी कॉलेजात होते. गिरगावातली मुलगी लालबागच्या चाळीत आली म्हणून बायका तुझं शुद्ध बोलणं ऐकायला मुद्दाम नळावर थांबायच्या. सोबत काय आणलंस, तर माहेरचा धंदा. मोती, काळे मणी, रेशमाची रिळं आणि तो बुटका चौरंग. तुझे वडील पटवेकरी, लोकांची मंगळसूत्रं नि तन्मणी गाठवून द्यायचे, तेच तू करू लागलीस. दादा बँकेत, मी ऑफिसात आणि तू खिडकीत. सराफ दादर-गिरगावातून पुड्या पाठवायचे. कोणाचं मंगळसूत्र तुटून आलं तर तू 'तुटलं' म्हणायची नाहीस, 'वाढलं' म्हणायचीस, आणि मी म्हटलं की मला ओरडायचीस. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं, दोन बोटांनी पिळून त्याची सुई करायची आणि मोती न बघता सर्रकन ओवायचा. बोलता बोलता अख्खा सर व्हायचा तुझा.

पुढचं लोकांना माहीत आहे, म्हणजे त्यांना वाटतं माहीत आहे. बाळंतपणात मूल गेलं, तू जेमतेम वाचलीस, रक्त चढवावं लागलं. त्या रक्तातून आलं की चाळीखालच्या दवाखान्यात उकळून पुन्हा वापरायच्या त्या सुयांतून आलं, ते कोणी सांगू शकलं नाही. पुष्कळ वर्षांनी पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले, आणि तपासणीत ते नाव निघालं, हिपॅटायटिस सी. लिव्हर गेलं म्हटल्यावर चाळीने पहिल्यांदा दादाकडे आणि मग तुझ्याकडेच संशयाने बघितलं. लिव्हर म्हणजे दारू, एवढंच गणित आपल्याकडे. चहात दूध जास्त झालं तरी तुला मळमळायचं आणि लोक तुझ्या बाटल्या शोधत होते! मी जिन्यात भांडले तेव्हा तू माझा दंड धरून आत आणलंस. मी दवाखान्यातल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनाही नावं ठेवायला लागले, तर म्हणालीस, "कुठून आलं ते शोधून काय करणार शकू? कुठे कुठे गेलंय ते बघूया."

तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

मग दादाचा रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं, आणि आपल्या घराने कधी नव्हे ती छाती काढली. ऑपरेशन झालं. दोघंही सुखरूप बाहेर आलात. नंतर गोळ्यांचा नवा कोर्स झाला आणि तुझ्या रक्तात तो विषाणू उरला नाही असा निरोप आला. दादाने अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. जो तो म्हणाला, पुनर्जन्म झाला. ह्या शब्दाचा मला आता राग येतो. पुनर्जन्म झालेल्या माणसाने कशाची तक्रार करायची? पेढे खाऊन झाल्यावर पायाला मुंग्या येतात असं कोणाला सांगायचं?

आणि दादा तरी काय करायचा! कोणी आलं की शर्ट वर करून पोटावरचा व्रण दाखवायचा. जेवताना तुला विचारायचा, "काय म्हणतंय माझं पार्सल?" तू हसून सांगायचीस, "मजेत आहे. भाजी आवडली त्याला." तुम्ही दोघं आपापल्या वाटीतून आमटी ओरपत असायचात आणि मला उगाच भरून यायचं. त्या दिवसांइतकं आनंदी मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. नेमक्या त्या आनंदाने तुझं तोंड बंद केलं.

पहिल्यांदा मला कळलं ते दोऱ्यावरून. एक दिवस बघते तर चौरंगावर तुझ्या मोत्यांशेजारी पाण्याची वाटी. दोरा त्यात बुडवत होतीस. मी म्हटलं, हे काय नवीन? म्हणालीस, "तोंड कोरडं पडतं गं हल्ली. थुंकीच येत नाही." मी चेष्टा केली, इतकी वर्षं माझ्याशी बोलून संपली असेल. तू हसलीस. पण पोळीचा घास पाण्याशिवाय गिळत नाहीस हे मी त्याच आठवड्यात पाहिलं.

मग मोती ओठांना लावून बघायला लागलीस. बोटांना भोक लागत नव्हतं. बोटांची जाणीव गेली होती, म्हणून ओठांनी चाचपत होतीस. ओठही बिचारे फुटलेले. मोती घरंगळून फरशीवर पडायचे आणि मी गुडघ्यावर बसून गोळा करायचे. सराफाच्या पुड्या कमी होत गेल्या. तू सांगायचीस, हल्ली कोणाला गाठवलेलं नको, सगळे तयार घेतात. खोटारडी.

आणि मोजे! भर मे महिन्यात, लालबागच्या उकाड्यात, साडीखाली दादाचे ऑफिसचे काळे मोजे. हळदीकुंकवाला तशीच गेलीस तर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तुला थंडी सोसत नव्हती. सराफाच्या एसी दुकानात जाऊन आलीस की पाय जड व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांवर लाल-जांभळे ठिपके उठायचे.

ते ठिपके दादाने पाहिले. आणि कोकणातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? "पित्त उठलंय." आपल्याकडे अंगावर काही लाल दिसलं की ते पित्त, आणि पित्तावर आमसूल. लहानपणी आई आम्हाला आमसुलाच्या पाण्याने माखून दारात बसवायची, आम्ही दोघं जांभळी भुतं होऊन बसायचो. दादा मसाल्याच्या गल्लीतून चांगली ओली आमसुलं घेऊन आला. तुझ्यासाठी वेगळी बरणी केली. रोज संध्याकाळी वाटीत भिजवायची, हाताने कुस्करायची आणि तू खाटेवर पाय लांब करून बसलीस की घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लावायची. निवृत्त झाल्यापासून त्याला असं हातात घेण्यासारखं काम मिळालं नव्हतं. बातम्या बाजूला पडल्या. कोणी बोलवायला आलं तर दारातूनच सांगायचा, "आत्ता नाय, पित्ताची वेळ आहे."

तुझे पाय कायम जांभळे. परबकाकू म्हणायच्या, नवऱ्याने बायकोचे पाय रंगवलेले पहिल्यांदाच बघतेय.

वर लावलेला रंग कुठे संपतो आणि खालचा कुठे सुरू होतो, ते कोणालाच दिसत नव्हतं. ठिपके घोट्यावरून वर सरकत होते, रंगाखालून.

तपासणीला तुम्ही दोघंच जायचात. डॉक्टर मॅडम विचारायच्या, काही त्रास? तू म्हणायचीस, काही नाही, लिव्हर अगदी छान आहे. रिपोर्टही तेच सांगायचे आणि दादा येताना दादरहून खाजा घेऊन यायचा. पण एक दिवस मोरीतून बाहेर आलीस आणि मला हळूच म्हणालीस, लघवीला साबणासारखा फेस येतो. बस्स. पुढच्या तपासणीला मी काही न बोलता तुमच्याबरोबर टॅक्सीत चढले. तू डोळ्यांनी दटावत होतीस, मी खिडकीबाहेर बघत होते.

"काही त्रास?"

"काही नाही, मॅडम. लिव्हर..."

"लिव्हर राहू दे," मी म्हटलं. आणि मग जे सुरू झाले ते संपेपर्यंत थांबले नाही. तोंड कोरडं, बोटं बधिर, पायाला मुंग्या, मोजे, थंडी, फेस, सगळं. दादाचा चेहरा पांढरा पडला. तुला म्हणाला, "मला का नाय बोललीस?" तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस. मॅडमनी त्याला तपासणीचे पैसे भरायला खाली पाठवलं आणि तुला साडी जरा वर घ्यायला सांगितली.

"हे काय लावलंय?"

"आमसूल," मी म्हटलं. "पित्तावर."

त्यांनी स्पिरिटचा कापूस घेतला आणि एक पाय पुसून काढला. कापूस जांभळा झाला, पाय झाला नाही स्वच्छ. रंग निघून गेला आणि खाली ठिपकेच ठिपके. त्यांनी अंगठ्याने दाबून बघितलं, ठिपका फिकट होईना. म्हणाल्या, "हे पित्त नाही."

"ठाऊक आहे," तू म्हणालीस. "पित्ताला खाज असते. ह्याला नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तुला ठाऊक होतं! रोज संध्याकाळी त्याच्यापुढे पाय करत होतीस, आणि तुला ठाऊक होतं.

मॅडमनी आपल्याला सोप्या शब्दांत समजावलं. तो विषाणू फक्त लिव्हरमध्ये राहत नाही. तुझ्या अंगात तो वर्षानुवर्षं होता, तेवढी वर्षं शरीराचं सैन्य त्याच्याशी लढलं. आता तो गेला, नवं लिव्हर उत्तम आहे, पण त्या सैन्यातल्या काही पेशींची लढायची खोड गेली नाही. त्या अजून रक्तात अशी द्रव्यं सोडतात जी थंडीत साकळतात आणि बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणतात. कातडीवर ठिपके, नसांना बधिरपणा, आणि आता किडनी. तोंडाचा कोरडेपणाही त्याच घरातला. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हणजे भाडेकरू गेला, पण पोटभाडेकरू ठेवून गेला." मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही.

दादाची पावलं जिन्यात वाजली तशी तू घाईघाईने साडी खाली केलीस. आणि आम्हा दोघींना म्हणालीस, "आमसुलाचं त्यांना कधीही सांगायचं नाही. त्याने झाकलं गेलं हे त्यांना कळलं तर ते जगणार नाहीत." मॅडम म्हणाल्या, आमसुलाने अपाय काही नाही, लावायचं तर लावू दे. दादा आत आला तेव्हा त्याला किडनीचं सांगितलं, रक्तातल्या द्रव्यांचं सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकलं आणि स्वतःपुरता एकच अर्थ काढला. रक्त साफ करायचं काम लिव्हरचं. रक्त साफ राहिलं नाही, म्हणजे लिव्हरने काम केलं नाही. लिव्हर कोणाचं? माझं.

त्यानंतर तू माझ्याशी अबोला धरलास. एका खोलीत तिघं माणसं, त्यात दोघींचा अबोला, आणि मधला दादा दोन्हीकडचे निरोप पोचवणारा. "ती विचारतेय, डाळ भिजत घालू का." मला तुझा फार राग आला होता, वहिनी. तो अजून गेलेला नाही. आधी बोलली असतीस तर औषधं आधी सुरू झाली असती. मॅडमनी हे शब्दांत सांगितलं नाही, पण मी विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा तुझ्यादेखत सगळं बोलेन, आणि अजून लवकर बोलेन.

अबोला तू सोडलास तोही तुझ्याच पद्धतीने. संध्याकाळ होती, दादा वाटी धुवायला मोरीत गेला होता. म्हणालीस, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण तो माणूस आपलं अर्धं अंग देऊन बसलाय. त्याला मी रोज काय सांगू, इथे दुखतं, तिथे दुखतं? लावू दे त्याला. त्याचे हात चालू राहतात." मी म्हटलं, "आणि तुझे?" तू तुझ्या बोटांकडे बघितलंस. आपलं भांडण तिथेच राहिलं.

मग डायलिसिस आलं. मग ताप, जो तुझ्या औषधांनी कमी केलेल्या प्रतिकारशक्तीला झेपला नाही. शेवटच्या दिवसांत आत एकेकालाच सोडायचे. सकाळची पाळी माझी, संध्याकाळची दादाची. त्यामुळे सकाळी मॅडम फेरीवर आल्या की तू काय विचारायचीस ते फक्त मी ऐकलंय. किडनीचं नाही, तापाचं नाही, स्वतःचं काही नाही. "मॅडम, ह्यांचं लिव्हर कसं आहे?" आणि त्या सांगायच्या, "ठणठणीत आहे." तू डोळे मिटून घ्यायचीस, एखाद्याकडे ठेवायला दिलेली वस्तू जागेवर आहे हे बघितल्यासारखी. शेवटच्या सकाळीही तोच प्रश्न, तेच उत्तर. मग मला म्हणालीस, "हे त्यांना सांग. आणि ते नको सांगूस."

दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवला न ठेवला तोच आला आणि खाऊन गेला. गुरुजी म्हणाले, तृप्त गेल्या. बरोबरची मंडळी सुटल्यासारखी घड्याळं बघायला लागली. मी तिथे उभी राहून त्या कावळ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. भूक लागली होती त्याला, दुसरं काही नाही. तुझं काय राहिलंय ते त्याला काय ठाऊक!

इथपर्यंत लिहिलं ते सकाळी. आता संध्याकाळ झाली आहे, आणि मधल्या वेळात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

उद्या तेरावं. गोडाच्या स्वयंपाकाची तयारी करत होते. आमटीत घालायला आमसुलं हवी होती, आपली डब्यातली संपली होती, म्हणून फळीवरची बरणी उचलली. दादा खिडकीतून म्हणाला, "ती नको. ती तिची आहे."

मी बरणी खाली ठेवली आणि त्याच्यासमोर जाऊन बसले. तुझ्या चौरंगावर बसले, तुला चाललं नसतं. म्हटलं, "दादा, काल तू काकूंना जे बोललास ते परत बोलायचं नाही." आणि सांगितलं. रोज सकाळी तू काय विचारायचीस, मॅडम काय म्हणायच्या, शेवटच्या दिवशी काय म्हणाल्या. रक्तातली ती द्रव्यं लिव्हर साफ करू शकत नाही, कोणाचंच नाही. त्याने दिलेलं एक दिवससुद्धा थकलं नाही. तू गेलीस तेव्हाही ते चालू होतं. सगळं बोलले. आवाज चढला माझा, मला कळत होतं, पण थांबवला नाही.

तो ऐकत राहिला. मग ज्याची मला भीती होती तेच विचारलं. "मग आधी का नाय कळलं कोणाला?"

वहिनी, मी खोटं बोलले. तुझ्या शब्दासाठी बोलले. म्हटलं, "कळायला कठीण असतं रे. डॉक्टरांनाही पटकन कळत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी परीक्षेचे मार्क लपवायचे तेव्हा बघायचा तसं.

"आमसुलामुळे ना?"

मला काही बोलता आलं नाही. मला!

"त्या दिवशी हॉस्पिटलातून आलो," दादा म्हणाला, "संध्याकाळी वाटी घेऊन बसलो, तर एक पाय पुसलेला. एकच. दुसऱ्यावर आदल्या दिवसाचा रंग तसाच. म्हणजे डॉक्टरने पुसून बघितलं असणार. मला कोणी काय बोललं नाय, म्हणजे मला कळू द्यायचं नाय असं तुमचं दोघींचं ठरलेलं. त्या पुसलेल्या पायावर सगळे ठिपके दिसत होते, शकू. मी काय आंधळा होतो?"

"मग लावत का राहिलास?"

"तिने पाय पुढे केला." तो बरणीकडे बघत होता. "मला वाटलं, तिला तेवढंच बरं वाटतंय. आता लावणं थांबवलं तर तिला वाटेल, ह्यालापण कळलं, आता काय उरलं नाय. मग लावलं. रोज लावलं."

ऐकलंस? तू त्याचे हात चालू राहावेत म्हणून पाय पुढे करत होतीस, आणि तो तुला बरं वाटतंय म्हणून लावत होता. दोघांनाही ठाऊक होतं, त्या पाण्याने काही होत नाही. तुम्ही दोघं महिनोन् महिने त्या खाटेवर बसून एकमेकांना फसवत होतात आणि मी मध्ये तुमचं गुपित सांभाळत होते. मला आधी तुम्हा दोघांना फटकवावंसं वाटलं. मग मी रडले. मग तोही रडला, तू गेल्यापासून पहिल्यांदा. पोटावरच्या व्रणावर हात ठेवून रडत होता. मी त्याला रडू दिलं आणि डाळीचा गॅस बंद करून आले.

बरणी मी परत फळीवर ठेवली नाही. त्यातली आमसुलं उद्याच्या आमटीत पडणार आहेत, दादानेच मोजून काढून दिली. तुला पटेल का, ठाऊक नाही. दादाची स्वतःची तपासणी तुझ्या आजारपणात चुकली होती, तीही करायला पुढच्या आठवड्यात मी त्याला घेऊन जाणार आहे. नाही म्हणाला तर ओढत नेईन. तिथे जाऊन मॅडमना सांगणार आहे की ज्यांचं ज्यांचं लिव्हर बदललंय आणि हा आजार होता, त्यांच्या घरच्यांना तपासणीच्या वेळी एकदा बाहेर पाठवा आणि माणसाला एकट्याला विचारा, पायांना काय होतं, तोंडाला काय होतं, बोटांना काय होतं. आणि पाय पुसून बघा. आपल्याकडची माणसं काय काय लावून येतील, सांगता येत नाही. त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा जाईन. वीट आणायची माझी ताकद तुला माहीत आहे.

आपल्या भांडणाचं म्हणशील, तर मी माघार घेतलेली नाही. तू बोलायला हवं होतंस. पण तू चुकलीस तीही प्रेमाने चुकलीस, आणि तसं प्रेम ह्या एका खोलीत मला इतकी वर्षं आयतं बघायला मिळालं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते. ते मानते.

आणि एक. परबकाकू उद्या जेवायला येणार आहेत. पान वाढून होईपर्यंत त्यांना धीर निघणार नाही, किंवा त्यांच्या सुनेच्या माहेरचं कोणी असेल, नाहीतर बँकेतलं कोणी. कोणीतरी आवाज खाली आणून विचारणारच, लिव्हर बदललं होतं ना, मग? मी उत्तर तयार करून ठेवलं होतं, चांगलं खणखणीत. दादा म्हणाला, "तू नको. मी देतो." मी म्हटलं, काय देणार आहेस ते आधी मला ऐकव, उगाच पुन्हा कमीजास्त बोलशील.

तो खिडकीतून उठला, माझ्यासमोर ताठ उभा राहिला, शर्ट खाली ओढून नीट केला आणि मोठ्या आवाजात, समोरच्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणाला, "आमचं लिव्हर शेवटच्या दिवसापर्यंत चाललं, काकू. बसा. काय झालं ते सगळं सांगतो."